पाचशे दोनमधला पहिला भात

सामान हलवणाऱ्या टोळीत पुरुष चार आणि बाई एक. पुरुष कपाटं, पलंग, फ्रिज उचलतात आणि बाई स्वयंपाकघर बांधते. आमच्या टोळीतली ती बाई मी. चोंगजू शहरात सतरा वर्षं हेच करते आहे आणि सगळे मला प्यो मावशी म्हणतात. सतरा वर्षांत माझ्या हातून एकच वाटी फुटली, तीसुद्धा पायात मांजर आलं म्हणून. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. आमचे मुकादम बांग म्हणतात, "मावशी, हे सांगितल्याशिवाय तुमची चिकटपट्टी चिकटत नाही का?" नाही चिकटत. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यानं गप्प बसावं.

माणूस कसा आहे हे मला त्याच्या भाताच्या कुकरवरून कळतं. नवीन लग्न झालेल्यांचा कुकर भला मोठा असतो आणि आत तळाशी दोन वाट्या भात. म्हाताऱ्या जोडप्याच्या कुकरचं एकच बटण झिजलेलं असतं, बाकीची कोरी करकरीत. भात किती तास गरम ठेवलाय ते कुकरवर आकड्यात दिसतं. एकदा एका प्राध्यापकाच्या कुकरवर नव्व्याण्णव तास होते, कारण त्याच्यापुढे आकडाच नव्हता. रस काढायची यंत्रं, पाव भाजायची यंत्रं, तेलाशिवाय तळायची यंत्रं मी खोक्यातून काढून परत त्याच खोक्यात घातली आहेत, लोकांनी उघडलेलीसुद्धा नसतात. पण कुकर कोरा असलेलं घर मी पाहिलं नाही. आणि कुकरच नसलेलं घर तर, हेरिमचं पाहीपर्यंत, पाहिलंच नव्हतं.

मार्च महिना होता आणि त्यातून भुतं नसलेला दिवस. चांद्र महिन्यातल्या ज्या तारखांना भुतं खाली पृथ्वीवर नसतात असं मानतात, त्या तारखांना घर बदलायला सगळं शहर एकदम निघतं. त्या दिवशी आमच्याकडे दोन कामं होती. सकाळी हेरिम, आणि दुपारी दोनला एक दाताचा डॉक्टर, ज्याच्याकडे नुसत्या किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, दोन फ्रिज होते.

हेरिम सदतीस वर्षांची. शहर बस चालवते. एका खोलीत भाड्यानं राहायची, आणि आता तिनं स्वतःचं घर घेतलं होतं. ती खोली म्हणजे आमच्या टोळीला तासाभराचं काम. स्वयंपाकघर तर मी चहा पिता पिता बांधलं असतं. एक पातेलं, एक तवा, दोन चमचे, दोन वाट्या. आणि तयार भाताची तीन मोठी खोकी. तो प्लास्टिकच्या वाडग्यात बंद केलेला असतो, दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये फिरवला की झालं, तो भात. बेसिनखाली रिकामे प्लास्टिकचे वाडगे धुऊन, पुसून एकावर एक रचून ठेवलेले. मी मोजले नाहीत, पण वीसेक असतील. मी ते कचऱ्याच्या पिशवीत घालायला निघाले तर हेरिम धावत आली.

"मावशी, ते टाकू नका."

"याचं काय करणार तू?"

"काही नाही. टाकवत नाहीत."

"बरं, कुकर कुठाय? पुढे पाठवलास?"

"नाहीये."

"बिघडला?"

"घेतलाच नाही कधी."

मी चिकटपट्टी खाली ठेवली. सतरा वर्षांत हे पहिल्यांदा.

"डेपोच्या कँटीनमध्ये जेवते मी," हेरिम म्हणाली. "एक आठवडा पहाटेची पाळी, एक आठवडा दुपारची. घरी जेवण म्हणाल तर आठवड्यातून चारदा, तेही एकटीचं. एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे एका प्रवाशासाठी बस काढायची."

"मग शेवटची बस एका प्रवाशासाठी काढत नाहीस?"

"तिचा पगार मिळतो मला."

बोलायला पोरगी तिखट. मला अशी माणसं आवडतात. मी तिला समजावून सांगितलं, जसं मी पन्नास जणांना सांगितलं असेल, की बाई, एकट्या माणसानंच कुकर घ्यावा. तीन जणांचा छोटा घेऊ नकोस, त्यात भाताला जागा मिळत नाही. सहा जणांचा घे. सुट्टीच्या दिवशी एकदा भरून लाव, गरम असतानाच वाडग्यांत भर, फ्रीझरमध्ये टाक, आठवडाभर खा. तुझे हे वाडगेसुद्धा कामाला येतील. चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तयार भाताला एक आंबूस वास असतो, तो तुला कळेनासा झालाय एवढंच.

"मावशी, मला काय परवडत नाही म्हणून थांबलेय असं वाटतं का तुम्हाला?" हेरिम खोक्यावर बसली. "माझी आई आणि मी महिनाभर याच कुकरवरून भांडतोय."

मग तिनं सांगितलं.

नव्या घरात सगळ्यात आधी काय न्यायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भाताचं भांडं. गादीच्या आधी, फ्रिजच्या आधी, तांदूळ घातलेलं भाताचं भांडं. माझ्या आजीच्या वेळी चुलीवरची लोखंडी कढई न्यायचे, आता कुकर नेतात. आणि ते भांडं घरचा मालक आत नेतो. मालक म्हणजे बाप्या, हे जुन्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

"घराची कागदपत्रं झाली त्या दिवशी मी आईला फोन केला," हेरिम म्हणाली. "चौदा वर्षं बस चालवून घेतलेलं घर, मावशी. बाहेर उभी राहून फोन केला. आणि आई पहिलं वाक्य काय म्हणाली? 'मग भांडं आत कोण नेणार?' मी म्हटलं, मी नेईन. तर म्हणाली, घरात पुरुष नाही, दोकमान मामाला घेऊन येते. मी म्हटलं, मग भांडंच नसेल. कुकरच घेणार नाही मी. ने काय न्यायचं ते."

"आईनं घर बघितलं का?"

"एकदा. नळ सोडून बघितला आणि म्हणाली, पाणी बारीक येतं. बस्स. गावात सगळ्यांना सांगते, हेरिमनं जागा बदलली. बदलली! मावशी, मला तिच्याकडून बाकी काही नको. एकदा चार लोकांसमोर म्हणू दे की माझ्या पोरीनं घर घेतलं. एवढंच."

मी चिकटपट्टी परत उचलली. दोन चमचे कागदात गुंडाळले, एकेक वेगळा, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'स्वयंपाकघर'. ते खोकं आणि भाताची तीन खोकी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवली. शेवटी चढवलेलं आधी उतरतं, आणि स्वयंपाकघर आधी उतरलं पाहिजे, ही माझी पद्धत. सगळ्या चोंगजूत मावशा आहेत, पण ही पद्धत माझी.

नवी जागा म्हणजे जुनी पाच मजली इमारत, लिफ्ट नाही. असू दे. खिडक्यांना ऊन होतं, आवारात झाडं होती. ट्रकच्या पुढच्या भागात बांग, मी आणि मध्ये हेरिम असे बसलो होतो. फाटकाजवळ गाडी हळू झाली तर तिथल्या कठड्यावर सत्तरीची एक बाई मांडीवर कापडाचं मोठं गाठोडं घेऊन बसलेली. शेजारी टोपी घातलेला एक लठ्ठ माणूस सफरचंद खात होता. हेरिम म्हणाली, "आलीच ती." मी काच खाली केली.

त्याच वेळी वॉचमन आपल्या खोलीतून बाहेर येऊन त्या बाईला विचारत होता, "आजी, कुणाकडे आलात? कुठल्या घरी?"

हेरिमची आई उभी राहिली. आमच्या ट्रककडे बघितलं, वर इमारतीकडे बघितलं.

"सामानवाल्यांबरोबर आहे मी," ती म्हणाली.

हेरिमनं ऐकलं. माझ्या शेजारीच बसली होती, ऐकणार नाही तर काय. तिनं फक्त मांडीवरच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. माझेच कान गरम झाले. सामानवाल्यांबरोबर! सामानवाली मी आहे, आणि मीसुद्धा असं खाली बघून सांगत नाही.

गाठोड्यात कुकर होता. दहा जणांचा, बावीस वर्षं जुना, एका बाजूला पोचा आलेला. बोउन गावाहून दोन बस बदलून पिलसूनताईंनी, म्हणजे हेरिमच्या आईनं, तो मांडीवर ठेवून आणला होता. आत तांदूळ, वर पिशवीत उकडलेली लाल चवळी, वाईट शक्ती पळाव्यात म्हणून. त्यांच्या घरात एवढा एकच कुकर, तोच उचलून आणला होता. पाच मजले त्यांनी तो चढवला. मी मध्ये हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुम्ही तुमचं सामान बघा." गुडघे कटकट वाजत होते त्यांचे, पण कुकर कुणाच्या हाती दिला नाही. दोकमान मामा चौथ्या मजल्यावरच जिन्यात बसले.

दारात हेरिम उभी राहिली. आई समोर.

"दोकमान, वर ये," ताई ओरडल्या. "भांडं घे."

"मामा नेणार नाहीत," हेरिम म्हणाली.

"मग काहीच आत जाणार नाही. उशीपण नाही."

"ठीक आहे. मी जिन्यात राहीन. पत्ता बदलून घेते."

"बघा, बघा कशी बोलते! बस चालवून चालवून जीभ पण तशीच झालीय, ब्रेकच नाही!"

बांग खालून ओरडत होते, "मावशी, काय झालं? दोन वाजता डॉक्टरकडे जायचंय!" मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून सांगितलं की घरचा मामला आहे, पाच मिनिटं द्या. पण हे मला शिडीवाल्याला सांगायला हवं होतं. सामान बाहेरून खिडकीपर्यंत चढवणारी भाड्याची शिडीची गाडी इमारतीच्या मागच्या बाजूला लागलेली. तिच्यावरच्या कूला पुढच्या दारात काय चाललंय ते कसं कळणार? आमचा छे आधीच आत जाऊन जमिनीवर चादरी अंथरून खिडकी उघडून बसला होता. कूनं यंत्र सुरू केलं. घर्र घर्र करत पहिला फेरा वर आला, आणि आतून 'धप्प' असा आवाज झाला.

पिलसूनताईंनी हेरिमच्या खांद्यावरून मान उंचावून बघितलं. मीही बघितलं. रिकाम्या, उन्हानं भरलेल्या खोलीत मधोमध एक खोकं. त्यावर पांढऱ्याशुभ्र भाताच्या वाडग्याचं हे एवढं मोठं चित्र.

आधी उतरावं म्हणून शेवटी चढवलेलं. माझी पद्धत. मी कपाळाला हात लावला.

"प्लास्टिकचा भात!" ताईंनी कुकर छातीशी धरला आणि इमारत डोक्यावर घेतली. "माझ्या पोरीच्या घरात पहिला शिरला तो प्लास्टिकचा भात!"

"काय म्हणालीस?" हेरिमनं विचारलं.

"काय म्हणाले? प्लास्टिकचा भात म्हणाले!"

"त्याच्या आधी."

"काही नाही म्हणाले त्याच्या आधी."

खालून चौथ्या मजल्यावरचं एक दार उघडून बंद झालं. ताईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. हे बघा, मी भुताखेतांवर फार विश्वास ठेवणारी बाई नाही. पण दोन बस बदलून, पाच जिने चढून आणलेलं भांडं, आणि माझ्या हातच्या खोक्यामुळे ते दुसरं ठरावं, हे मला सहन होईना. सतरा वर्षांचं नाव माझं.

"ताई," मी पुढे झाले, "ते खोकं आत शिरलेलं नाही."

"डोळे आहेत मला."

"ते खिडकीतून आलंय. खिडकीतून आलेलं शिरलेलं धरत नाहीत. घरात शिरायचं ते दारातून, उंबऱ्यावरून, पायातले जोडे काढून. खिडकीतून वारा येतो, माशी येते, चोर येतो. त्यांना कुणी घरात आले म्हणतं का? मी दोन हजार घरं हलवलीत, मला विचारा. अजून ह्या घराचा उंबरा घरच्या कुठल्याच वस्तूनं ओलांडलेला नाही."

असा नियम मी आधी कधी ऐकला नव्हता. त्याच क्षणी सुचला. पण मी तो असा सांगितला की आतून छेनं मान डोलावली, आणि ताईही विचारात पडल्या.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"चोंगजूत सगळे असंच मानतात," मी म्हटलं. बोउनच्या बाईला चोंगजूचं काय माहीत!

"मग चल, दोकमान! लवकर!"

दोकमान मामा धापा टाकत वर आले. टोपी काढली, घाम पुसला, आणि कुकरकडे बघून दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ताई, मी नाही नेणार."

"काय?"

"भाऊजी गेल्यावर तुझं भांडं मी चार घरांत नेलं. आठवतं ना? चारही घरं दोन-दोन वर्षांत सोडावी लागली. एकात पाणी शिरलं, एक पाडलं, एकाचा मालक मेला, आणि एकात मालक मेला असता तर बरं झालं असतं. माझे हात लागले की घर टिकत नाही. पोरीनं स्वतःचं घेतलंय. हे तरी टिकू दे की." मग तो माणूस हेरिमकडे बघून हळूच म्हणाला, "मी आलो ते भात खायला. तुझ्या आईला सांगायची हिंमत नव्हती."

मी संधी सोडली नाही.

"ताई, घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे?"

त्या गाठोड्याच्या गाठीशी चाळा करायला लागल्या.

"कुणाचं आहे?"

"तिचं," त्या म्हणाल्या. मग एकदम बोलायलाच लागल्या, माझ्याकडे बघून, कारण मुलीकडे बघून बोलणं जमत नव्हतं. "मला काय कळत नाही? दहा घरं बदलली मी. सहांत नवऱ्यानं भांडं नेलं, चारांत ह्यानं. माझ्या पाठीवर गाद्या, हातात पोर, आणि भांडं पुरुषाच्या हातात. दहाही दुसऱ्याची घरं. मी कधी नेलं नाही, मला कुणी ने म्हणालं नाही. आता ही म्हणते मी नेते. नेशील, पण मला भीती वाटली. एकट्या बाईनं एकटीनं भांडं नेलं तर त्या घरात जन्मभर एकटीचाच भात शिजेल, अशी भीती वाटली मला. म्हणून ह्याला आणला. तिच्या घराला नावं ठेवायला नाही आणला."

खाली बांगसुद्धा ओरडायचे थांबले होते.

हेरिमनं डोळे पुसले, रागानं पुसतात तसे, मनगटानं. पायातले जोडे काढले, नीट बाजूला लावले.

"आई, दे इकडे. जड आहे."

"आहेच जड. दहा जणांचा आहे."

"दे."

ताईंनी कुकर दिला. पटकन नाही दिला. आधी गाठ सैल झाली होती ती नीट बांधली, मग दिला. हेरिमनं तो पोटाशी धरला आणि उंबरा ओलांडून आत गेली, सरळ स्वयंपाकघरापर्यंत, मध्ये ते खोकं होतं त्याला वळसा घालून. ओट्यावर ठेवून ती वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. मी दोन हजार घरांत लोकांना शिरताना बघितलंय, पण अशी ताठ मानेनं शिरलेली बाई बघितली नाही. मलाच वाटलं की माझंच कुणीतरी आत गेलं.

"उभे काय राहिलात?" मी बांगना हाक मारली. "चढवा सामान!"

ताईंनी भात लावला. तांदूळ धुतले, चवळी मिसळली, तळहात तांदळावर पालथा ठेवून पाणी बेताचं केलं. नळ सोडला तेव्हा मी मुद्दाम बघत होते. काही बोलल्या नाहीत. तो कुकर हल्लीच्या कुकरसारखा बोलत नाही. हल्लीचे सांगतात, भात तयार आहे, हलवून घ्या, जणू सूनच. ह्यानं नुसतं फुस्स केलं, मग शिट्टी मारली, आणि रिकाम्या घरात चवळीच्या भाताचा असा वास पसरला की कू शिडीची गाडी सोडून वर आला. तो एरवी गाडी सोडत नाही.

आम्ही नऊ जण होतो आणि घरात वाट्या दोन. ताईंनी कपाटं उघडून बघितली आणि म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर आहे की बस स्टॉप?" मग मीच 'स्वयंपाकघर' लिहिलेलं खोकं उघडलं आणि धुऊन ठेवलेले प्लास्टिकचे वाडगे काढले. हेरिम लाजली. ताईंनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"एवढे खाल्लेस?"

"हे तर ठेवलेले. बाकीचे टाकले."

ताई त्यात भात वाढायला लागल्या, दाबून दाबून, शीग लावून. जमिनीवरच्या चादरीवर बसून आम्ही तो किमचीबरोबर खाल्ला. मी सतरा वर्षं लोकांची स्वयंपाकघरं लावते, पण घरात पहिला भात शिजायच्या आत आम्ही पुढच्या कामाला निघालेलो असतो. नव्या घरातला पहिला भात मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. तळाची खरपूस खपली दोकमान मामांनी सगळ्यांच्या आधी पळवली.

"हा इथेच ठेव आता," हेरिम कुकरकडे बघून म्हणाली. "तुला मी नवीन घेते."

"मला? एकट्या बाईला कशाला नवा कुकर? उगीच."

हेरिमनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला ठसका लागला. ताईंना कळेना की एवढं हसण्यासारखं त्या काय बोलल्या.

"हा माझ्याबरोबर परत येणार," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या मी काय खाऊ? प्लास्टिक?"

दीड वाजला. बांग घड्याळ दाखवायला लागले. मी माझी चिकटपट्टी, कात्री गोळा करून खाली निघाले. हेरिम रिकामी खोकी टाकायला माझ्यामागून जिना उतरत होती. ताई दोकमान मामांना घेऊन आमच्या आधीच उतरल्या होत्या, उरलेला भात थोडा थोडा वाडग्यांत भरून, ते ताटावर रचून. नव्या घरातलं शेजाऱ्यांना द्यायचंच असतं, पण लोक हल्ली दुकानातून काहीतरी आणून दारात ठेवतात. ताईंनी दारं वाजवली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर असताना त्या खाली वॉचमनच्या खोलीशी पोचल्या होत्या, आणि त्या जिन्यात आवाज असा घुमतो की शब्दन् शब्द वर आला.

"घ्या. गरम आहे. चवळीचा आहे."

"अरे वा! आजी, तुम्ही त्या सामानवाल्यांबरोबरच्या ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, सकाळी."

"तुम्ही चुकीचं ऐकलंत. पाचशे दोनची जी मालकीण आहे ना, तिची आई आहे मी. माझ्या पोरीनं घेतलंय ते घर. शहर बस चालवते, चौदा वर्षं झाली, एकदासुद्धा धक्का लागलेला नाही कुणाला. तिच्या एकटीच्या नावावर आहे. भाड्याचं नाही, विकत घेतलंय. पाचशे दोन. चांगलं घर आहे. ऊन येतं. पाणीपण चांगलं जोरात येतं."

हेरिम पायरीवर थांबली. खोकी तिच्या हातात तशीच. मी दोन पायऱ्या खाली होते, मी वळून बघितलं नाही. अशा वेळी माणसाकडे बघू नये एवढं मला कळतं. खाली वॉचमन म्हणत होता, "लक्षात ठेवतो, आजी. पाचशे दोन." आणि ताई म्हणत होत्या, "लिहून ठेवा. आणि समोरच्या इमारतीत किती घरं आहेत? ताटात अजून वाडगे आहेत."

मग मागून हेरिमनं विचारलं.

"मावशी, कुकर सहा जणांचा म्हणालात ना?"

जिन्याच्या खिडकीतून आवार दिसत होतं. दोकमान मामांना मागे घेऊन पिलसूनताई समोरच्या इमारतीच्या पायऱ्या चढत होत्या, गुडघे विसरून.

"नाही," मी म्हटलं. "दहाचा घे."